नागपूरची पानगळ : पालापाचोळ्याचं खत होता होता कुठं अडतं?

फाल्गुनात सकाळी सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, शंकरनगर, बजाजनगर किंवा सेमिनरी हिल्सच्या पायथ्याच्या वस्त्यांमधून एक चक्कर मारा. रस्त्याच्या कडेला खराट्यानं लोटून ठेवलेले पाल्याचे ढीग दिसतील आणि त्यातल्या एखाद-दोन ढिगांतून धूर निघत असेल. वर्तमानपत्रात फोटो येतो, कुणी तक्रार करतं, पाला जाळू नका, खत करा असं आवाहन निघतं आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा तोच धूर.

पानांचं खत होतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नियमांचीही वानवा नाही. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितलं की बागांमधला कचरा वेगळा गोळा करा आणि शक्यतो बागेतच त्याच्यावर प्रक्रिया करा. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवली. हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही म्हणून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जी शहरं घेतली, त्यांत नागपूरही आहे. म्हणजे माहिती आहे, कायदा आहे, गरजही आहे. तरी पाला जळतो, नाहीतर भांडेवाडीच्या कचरा डेपोला जातो.

माझ्या मते अडचण खत तयार करण्यात कमी आणि पाला उचलून नेण्यात जास्त आहे. आपण पाल्याला कचरा धरून सगळी योजना आखली: गोळा करा, गाडीत भरा, गावाबाहेर न्या, तिथं काय ते करा. या साखळीतली एकेक कडी तपासली की ती कुठं आणि का तुटते ते दिसतं.

वजनाला हलका, जागेला भारी

सुकलेला पाला सैल भरला तर एका घनमीटरमध्ये साधारण ५० ते १०० किलो मावतो. घरोघरचा मिश्र कचरा तेवढ्याच जागेत ४०० किलोच्या आसपास बसतो. आता दोन घनमीटर डब्याची छोटी कचरागाडी धरा. घरगुती कचऱ्यानं भरली तर ८०० किलो, पाल्यानं भरली तर शंभर ते दोनशे किलो. डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तोच, आणि शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेच्या टोकाला भांडेवाडीपर्यंतचं अंतरही तेच.

आपल्याकडच्या शहरांत कचरा वाहतुकीचे करार बहुधा टनामागे दर ठरवून होतात. टनाच्या हिशेबात पाल्याची फेरी ही तोट्याची फेरी. गाडीवाला ढीग पाहून पुढे निघून जातो तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी करारातलं हे एक कलम पाहायला हवं. पाल्यासाठी फेरीमागे किंवा घनमीटरमागे वेगळा दर ठेवला, तर तोच ढीग उचलणं परवडतं. पाला जागेवरच यंत्रानं चुरला तर त्याचं आकारमान पाव-तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि गाडीत तिप्पट-चौपट माल मावतो. पण या यंत्राचं एक दुखणं आहे. रस्त्यावरून झाडलेल्या पाल्यात माती, रेती आणि खडे असतात. त्यानं पाती लवकर बोथट होतात. यंत्र विकत घ्यायला निधी मिळतो, फीत कापली जाते. पाती बदलायला, डिझेलला आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला तरतूद नसेल तर दुसऱ्या हंगामात ते ताडपत्रीखाली पडून राहतं. खरेदीपेक्षा देखभालीचा खर्च आधी लिहून काढणं, ही अशा योजनेची खरी कसोटी.

गाडी आली नाही की सगळा भार येतो तो झाडणाऱ्या माणसावर. नागपुरात कायम आणि ऐवजदार, म्हणजे बदलीवर राबणाऱ्या, सफाई कामगारांनी वर्षानुवर्षं हे रस्ते झाडले आहेत. प्रत्येकाला ठरलेला बीट, म्हणजे झाडायचा पट्टा, आणि ठरलेली लांबी. पावसाळ्यात त्या लांबीत जेवढं निघतं त्याच्या कितीतरी पट मार्चात निघतं, पण बीट तेवढाच, माणूस एकच, हातात खराटा, फावडं आणि एखादी चुंगडी. सकाळी लोटलेला पाला दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा रस्ताभर होतो. साहेबांची फेरी होण्याआधी रस्ता मोकळा दिसला पाहिजे, ढीग न्यायला गाडी नाही, टाकायला जागा नाही. मग खिशातली काडी पेटते. पाला पूर्ण जळत नाही, नुसता धुमसतो, आणि धुमसण्यातूनच सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतं. ढिगात गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या पन्न्या असल्या तर धूर आणखी विषारी. तो सगळ्यात आधी त्या झाडणाऱ्याच्याच छातीत जातो, नंतर शेजारच्या घरातल्या दमेकऱ्याच्या.

म्हणून केवळ दंडाची पावती फाडून हे थांबेल असं मला वाटत नाही. पानगळ अचानक येत नाही. कुठल्या रस्त्यावर कोणती झाडं आहेत हे वृक्षगणनेतून कळतं; महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात दर पाच वर्षांनी अशी गणना करायला सांगितलेलं आहे. साग साधारण हिवाळ्यातच पानं टाकू लागतो, पिंपळ आणि कडुनिंब माघ-फाल्गुनात मोकळे होतात, गुलमोहर त्यांच्या आगेमागे. हे वेळापत्रक माळ्यांना आणि सफाई कामगारांना तोंडपाठ असतं. त्यावरून दोन-तीन महिन्यांपुरती जास्तीची माणसं आणि हातगाड्या कुठल्या बीटांवर लागतील हे डिसेंबरातच कागदावर मांडता येतं.

सुकलेलं पान लवकर का कुजत नाही

झाड पान गाळण्याआधी त्यातलं कामाचं काढून घेतं. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचा मोठा भाग, ढोबळमानानं निम्मा, परत फांद्यांत ओढला जातो. पानात उरतो तो मुख्यतः कर्ब (कार्बन), त्यातही लिग्निन नावाचा चिवट पदार्थ, जो लाकडाला कणखरपणा देतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र दोन्ही लागतं. कर्ब त्यांचं इंधन, नत्र त्यांच्या शरीराची बांधणी. एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब असला की त्यांचं काम जोरात चालतं. सुकलेल्या पाल्यात हे प्रमाण ४० ते ८० च्या घरात असतं, झाडागणिक वेगळं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात ते १५ ते २०, शेणात २० च्या आसपास. म्हणून नुसता पाला महिनोन्महिने तसाच पडून राहतो आणि नुसता ओला कचरा दोन दिवसांत सडून वास मारतो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात.

गंमत अशी की शहराच्या योजनेत हे दोघं कधी भेटतच नाहीत. ओला कचरा घंटागाडीत, पाला रस्त्याच्या कडेला. ओल्या कचऱ्याच्या खतप्रकल्पाला कोरडा कर्ब कमी पडतो म्हणून तिथं दुर्गंधी आणि काळं पाणी सुटतं. चार-सहा किलोमीटरवर तोच कर्ब जळत असतो.

पाल्या-पाल्यातही फरक आहे आणि सगळा एकाच खड्ड्यात टाकण्यानं काम बिघडतं. गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर, करंज ही शेंगवर्गीय कुळातली झाडं. त्यांची पर्णिका छोटी किंवा मऊ, नत्र तुलनेनं बरं, त्यामुळे एका पावसाळ्यात त्यांचं बऱ्यापैकी खत होतं. कडुनिंबाची पानंही बारीक, चुरायला सोपी. साग, पिंपळ, वड, आंबा, बदाम आणि अशोकाची पानं जाड, मेणचट किंवा चामडी. ती चुरल्याशिवाय टाकली तर दुसरा पावसाळा पाहतात. निलगिरीच्या पानांत तेल असतं, ती वेगळी ठेवून आधी चांगली शिळी होऊ द्यावीत.

आमच्या भागातल्या एका बागेच्या कोपऱ्यात विटांचे हौद आहेत. त्यातला एक मी काठीनं उकरून पाहिला. वरचा थर कुरकुरीत, हातात घेतला की चुरा होणारा. त्याखाली बदामाची आणि पिंपळाची पानं एकावर एक अशी चिकटून बसलेली, जणू पत्रावळींचा गठ्ठा. माळी रोज पाइपनं पाणी मारत होता. ते पाणी या गठ्ठ्यांवरून घरंगळून कडेनं निघून जात होतं. हातभर खाली पानं ठणठणीत कोरडी. अगदी तळाशी, जिथं पाणी साचत होतं, तिथं काळा, आंबूस वास येणारा चिखल. एकाच हौदात वर उपाशी आणि खाली गुदमरलेली अशी दोन्ही टोकं. त्यात चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या आणि एक फुटकी कुंडी. तरीही पाटीवर लिहिलेलं होतं, खत प्रकल्प.

कुजण्याच्या क्रियेला हवा लागते आणि ओल लागते, दोन्ही एकाच वेळी. ढिगातली ओल ४० ते ६० टक्के असावी. मूठभर काढून घट्ट पिळली तर बोटांच्या फटीत पाणी चमकावं, पण धार लागू नये, एवढी. ढीग किमान मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि तेवढाच उंच असला तर आतली ऊब टिकते आणि तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातं. या उष्णतेत तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. त्याहून लहान ढीग तापत नाही. खूप मोठा आणि दाबलेला असेल तर मध्यभागी हवा पोचत नाही. म्हणून ढीग पालटावा लागतो, आणि पालटायला माणूस लागतो. खोल खड्ड्यात पालटणं फार कष्टाचं, म्हणून पाल्यासाठी खड्ड्यापेक्षा जमिनीवरचा ढीग केव्हाही बरा.

पाणी येतं तेव्हा पाला नसतो, पाला असतो तेव्हा पाणी नसतं

इतर शहरांचे नमुने नागपुरात जसेच्या तसे चालत नाहीत, त्याचं कारण इथलं ऋतुचक्र. आपली पानगळ येते ती वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यांच्या तोंडावर. मार्चात ऊन चढतं, मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सरेपर्यंत हवेत ओल नावालाही नसते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो.

हिशेब करून पाहू. एक टन सुकलेल्या पाल्यात साधारण १०० किलो पाणी असतं आणि ९०० किलो कोरडा भाग. ओल ५५ टक्क्यांवर आणायची तर एकूण वजन २,००० किलो व्हायला हवं. म्हणजे टनामागे १,००० लिटर पाणी, नुसतं ढीग भिजवायला. त्यानंतर उन्हाळाभर जे उडून जाईल ते वेगळं. ज्या दिवसांत वस्त्यांमध्ये टँकरची वाट पाहिली जाते, त्या दिवसांत पाल्यावर पिण्याचं पाणी ओतायला कुणी धजावणार नाही आणि धजावूही नये.

गांडूळखताची तीच कथा. मोठ्या हौसेनं बागांमध्ये गांडूळांचे वाफे होतात. खतासाठी वापरली जाणारी गांडुळं ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. पक्कं छप्पर, ओली गोणपाटं आणि रोजची देखरेख असेल तरच ती आपल्या मेमधून जिवंत निघतात. उघड्या हौदात ती एप्रिलातच संपतात, आणि मग प्रयोग फसला असा शेरा खताच्या नावावर लागतो.

यातून दोन वाटा निघतात. एक, शुद्ध केलेलं सांडपाणी. भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया झालेलं पाणी नागपूर कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देतं, आणि या कामात हे शहर देशात पुढे मानलं जातं. त्यातलं थोडंसं टँकरनं बागांच्या ढिगांकडे वळवणं अवघड नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती जवळपास फुकट आहे: घाई सोडून द्यायची. पाला फेब्रुवारी ते एप्रिल नुसता साठवायचा, दाबून, सावलीत, जाळीच्या आत. मृगाचा पाऊस आला की तो आपोआप भिजतो. इथं काम जिवाणूंपेक्षा बुरशी करते. बुरशीला लिग्निन फोडता येतं आणि नत्रही कमी लागतं, म्हणून शेण वगैरे घातलं नाही तरी चालतं. गरम होणाऱ्या खतासारखं तीन महिन्यांत हे तयार होत नाही, पण पावसाळाभर भिजून, ऑक्टोबरच्या उन्हात जरा सुकून, मऊ पानांचं दिवाळीपर्यंत गडद तपकिरी, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास येणारं पानखत होतं. त्यात नत्र-स्फुरद फार नसतं. पाणी धरून ठेवणं आणि मातीला पोत देणं हे त्याचं खरं काम, आणि नागपूरच्या उन्हात झाडाला तेच हवं असतं.

कंत्राटी योजनेला मात्र ही वाट मानवत नाही. कंत्राटाची मुदत, देयकं आणि आढावा बैठका मार्चअखेरच्या हिशेबानं चालतात. मार्चअखेर म्हणजे ऐन पानगळ! खताचं वर्ष माघात सुरू होतं आणि दिवाळीत संपतं. कागदावरचं वर्ष त्याच्याशी जुळवून घेतल्याशिवाय, एप्रिलमध्ये किती टन खत झालं असं विचारत राहिलो, तर उत्तर शून्यच येणार.

झाडाखालचे गट्टू

पाला खरं म्हणजे पडतो तिथंच जिरायला हवा. जंगलात कुणी तो झाडत नाही. सेमिनरी हिल्सवर किंवा गोरेवाड्यात जरा वाकून पानांचा थर बाजूला केला तर खाली ओलसर, काळी, भुगा झालेली माती दिसते. शहरात मात्र आपण झाडाच्या बुंध्यापर्यंत गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसवले आणि सिमेंट रस्ते थेट खोडाला नेऊन भिडवले. पान पडतं ते दगडावर. तिथं ते कुजू शकत नाही, म्हणून कचरा ठरतं, म्हणून झाडावं लागतं, म्हणून न्यावं लागतं. पाल्याच्या प्रश्नाचा मोठा हिस्सा आपण स्वतः तयार केला आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं. नागपुरातही अनेक नागरिक झाडांचा गळा मोकळा करा म्हणून मागे लागले आहेत. हे आळं मोकळं झालं की त्या झाडाच्या पाल्यातला बराच भाग तिथंच सामावतो. चार ते सहा बोटं जाडीचा थर पुरे. खोडापासून वीतभर जागा सोडायची, नाहीतर साल ओली राहून कुजते. असा थर मातीतली ओल उडू देत नाही, उन्हात मुळांजवळची जमीन थंड ठेवतो आणि पहिल्या सरींचं पाणी वाहून न जाता आत मुरतं. गटारांच्या जाळ्यांवरचा भारही कमी होतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चौकाचौकांत पाणी तुंबतं, त्यामागे कारणं पुष्कळ असतात, पण जाळीवर बसलेला पाला आणि त्याला चिकटलेली पन्नी हे त्यातलं एक. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हापासून पाण्याला वाट मोकळी असण्याची किंमत या शहराला नव्यानं सांगायला नको.

लोकांच्या शंका खोट्या नाहीत. पाल्यात विंचू-साप येतील, वाळवी लागेल, डास होतील, कुणी बिडी टाकली तर पेटेल. मुलं खेळतात त्या जागेला आणि घराच्या भिंतीला लागून ढीग नकोच. भिंतीपासून चार-पाच फूट अंतर, ढिगाला जाळी, ढीग दाबलेला आणि शक्य तेवढा ओलसर. सैल, कोरडा ढीग भसकन पेटतो. दाबलेला, ओला ढीग पेटत नाही. डास साचलेल्या पाण्यात होतात, म्हणजे ढिगातल्या प्लास्टिकच्या कपात. कप आधी वेचा.

खत झालं, पुढे?

समजा सगळं जमलं आणि खत तयार झालं. ते घेणार कोण? खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी खताची प्रत ठरवून दिलेली आहे: कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, आणि अशा आणखी अटी. महाराष्ट्रात हरित महासिटी कंपोस्ट या नावानं शहरी खत विकायची सोयही झाली. बागेतला स्वच्छ पाला या कसोट्यांवर सहज उतरण्याजोगा असतो. वर्दळीच्या रस्त्यावरून झाडलेला पाला मात्र टायरची भुकटी, तेल, धूळ, काच आणि पन्न्या घेऊन येतो. हे दोन पाले एकाच गाडीत गेले की चांगलाही वाया जातो. पाला वेगळा ठेवायचा याचा अर्थ घरगुती कचऱ्यापासून वेगळा एवढाच आपण घेतो. बागेचा आणि रस्त्याचा पाला एकमेकांपासून वेगळा ठेवणं तितकंच गरजेचं आहे. रस्त्याचा पाला शोभेच्या झाडांना, दुभाजकांना वापरावा. बागेचा पाला भाजीपाल्याला चालतो.

काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडच्या शेतकऱ्याला सेंद्रिय खताची गरज आहे, संत्र्याच्या बागेत आच्छादनालाही पाला लागतो. पण एकदा खतात काचेचा तुकडा हाताला लागला की तो पुन्हा ते पोतं घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. शिवाय अर्धकच्चं खत नुकसान करतं. कर्ब जास्त उरलेलं असलं की ते मातीत गेल्यावरही कुजत राहतं आणि त्यासाठी जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात. पीक पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो, शहराच्या खतानं रोप जळलं. घाईनं चाळून, पोत्यात भरून पाठवलेल्या खताचा हा परिणाम असतो.

खरं तर दूर जायची गरजच नाही. ज्या बागेतून पाला जातो, त्याच बागेत दर पावसाळ्याआधी काळी माती आणि शेणखताच्या गाड्या विकत घेऊन रिकाम्या होतात. मनपाच्या आणि नागपूर सुधार प्रन्यासच्या बागा, रोपवाटिका, दुभाजक एवढे ग्राहक घरातच आहेत. एक हात पाला न्यायला पैसे देतो, दुसरा हात खत आणायला. उद्यान आणि घनकचरा या दोन खात्यांनी एका टेबलावर बसून हा हिशेब मांडला तर वाहतुकीवरचा बराच पैसा वाचेल.

पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा नागरिकांचा उपक्रम उभा राहिला, तो एका साध्या कल्पनेवर: ज्यांच्याकडे पाला जास्त झाला त्यांनी द्यावा, ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी हवा त्यांनी न्यावा. नागपुरात गच्चीवर भाजी लावणारे कमी नाहीत, आणि आपल्या उन्हात कुंडीला आच्छादन पुण्यापेक्षा जास्त गरजेचं.

तुमच्या सोसायटीत करायचं असेल तर

रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा निघतो अशा संकुलांना २०१६ च्या नियमांनी मोठे कचरा उत्पादक म्हटलं आणि ओल्या कचऱ्याची जिरवणूक शक्यतो आपल्याच आवारात करायला सांगितली. म्हणजे नत्र तुमच्याकडे रोज आहे, फक्त कर्ब साठवून ठेवायचा आहे.

त्यासाठी मीटरभर उंचीची कोंबडीजाळी किंवा वेल्डेड जाळी घ्या, चार बांबू रोवून मीटरभर रुंदीचा गोल पिंजरा करा. तळाला सिमेंट नको, माती हवी. पाला चादरीवर पसरून आधी पन्न्या, पुड्या, खिळे वेचा. मग पायानं तुडवत भरा. तुडवल्यानं मोठी पानं मोडतात आणि पत्रावळीसारखी चिकटत नाहीत. दर वीतभर थरावर जुन्या खताची किंवा झाडाखालच्या मातीची दोन-चार घमेली पसरा. कूलरच्या टाकीतलं बदलायचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी त्यावर टाकत राहा. वरून गोणपाट.

या पिंजऱ्यातला अर्धा पाला पानखतासाठी तसाच राहू द्या. उरलेला सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यासाठी वर्षभराचा साठा. तीन घमेली चुरलेला पाला आणि एक घमेलं ओला कचरा असं आलटून पालटून टाकलं की वासाची तक्रार बहुतेक मिटते. वास आला तर पाला वाढवा, ढीग थंड पडला आणि कोरडा दिसला तर ओला कचरा आणि पाणी वाढवा.

मेमध्ये वीज तारांखालच्या फांद्या छाटल्या जातात. त्या हिरव्या पानांत नत्र शाबूत असतो, कारण झाडाला तो परत घ्यायला वेळच मिळालेला नसतो. ट्रकवाल्याला सांगून बारीक फांद्यांची पानं ओरबाडून घ्या आणि सुक्या पाल्यात थर देऊन मिसळा. पावसाच्या तोंडावर ढिगाला मिळालेली ही सगळ्यात चांगली भर.

सप्टेंबरात एकदा पिंजरा उचलून बाजूला ठेवा आणि ढीग फावड्यानं पालटून पुन्हा त्यात भरा; कडेची कोरडी पानं आत जायला हवीत. दिवाळीच्या सुमारास रेती चाळायच्या चाळणीतून काढा. खाली पडेल ते कुंड्यांना आणि झाडांच्या आळ्यांना. चाळणीवर बदामाचे देठ, सागाच्या शिरा, काड्या उरतील. त्या फेकू नका, त्यांत बुरशी आधीच रुजलेली असते. पुढच्या माघात नवा पिंजरा भरताना तळाचा पहिला थर त्यांचाच द्या.